श्वास घेणारी पेटी

जांभुळगव्हाणला दिवेलागणीच्या वेळी पाण्याच्या टाकीखाली इतकी गर्दी व्हायला लागली, की पेडगावहून येणाऱ्या रिक्षावाल्यांनी थांब्याचं नावच बदलून टाकलं. "चला श्वासाई, श्वासाई! श्वासाईवाले उतरा!" दीड महिन्यापूर्वी याच जागेला ते 'टाकी' म्हणत, आणि तिथं पंप चालू करणाऱ्या हरिओमशिवाय कुणी उतरत नसे.

टाकीखालची पंपाची खोली आता भगवी झाली होती. 'ग्रामपंचायत पाणीपुरवठा' ही अक्षरं रंगाखालून अजून पुसट दिसत होती. दाराला आंब्याचं तोरण, उंबऱ्यापाशी नारळाच्या शेंड्यांचा ढीग, आणि आत भिंतीवर जेवणाच्या डब्याएवढी एक पांढरी पेटी. पेटीला मळवट भरलेला. वर चंदेरी कागदाचा मुकुट, खाली चिकटवलेली नथ. या दोहोंच्या मधोमध एक लाल दिवा. तो सावकाश उजळायचा, क्षणभर थांबायचा आणि सावकाश मावळायचा.

"घेतला!" माऊली महाराज हात वर करून ओरडले.

"घेतला!" दोनशे माणसं ओरडली.

"सोडला!"

"सोडला!"

"बोला, श्वासाई माते की..."

"जय!"

गर्दीच्या टोकाला सुकेशनी टाचा उंचावून बघत होती. तिचे ओठ हलत होते. शेजारच्या बाईला वाटलं, पोरगी जप करायलीय. सुकेशनी सेकंद मोजत होती. उजळायला दीड, थांबायला अर्धा, मावळायला दोन. एकूण चार. आकडे बरोबर होते. बरोबर असणारच होते, कारण ते तिनंच लिहिले होते.

"बघ," तिच्या कानाशी धम्मशीलामावशी कुजबुजली. "तुपल्या डब्याचं काय झालं ते बघ डोळे भरून."

सुकेशनीनं इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. केलं होतं आणि परभणीत तीन माणसांच्या एका कारखान्यात ती कामाला होती. तिथं पाण्याच्या टाकीत थेंबथेंब क्लोरीन सोडणाऱ्या पेट्या बनत. पेटीचं पोट मालक बघायचे, तोंड सुकेशनी. म्हणजे कोणता दिवा कधी लागावा, किती वेळ लागावा, कसा लुकलुकावा, हे ठरवणं तिचं काम. लोकांना हे काम वाटतच नाही. सुकेशनीला मात्र त्यावाचून झोप लागत नसे. क्लोरीनचा ड्रम संपला की काय दाखवायचं, यावर ती मालकांशी आठवडाभर भांडली होती.

"लाल दिवा लाव आन् विषय मिटव," मालक म्हणाले होते.

"सर, नुसता लाल म्हणजे बिघाड. भराभर लाल म्हणजे धोका. इथं मशीन चांगली आहे, ती फक्त ड्रम भरायची वाट बघतेय. वाट बघणं कसं दाखवायचं?"

उत्तर तिला एका रविवारी सापडलं. समोर एक माणूस दुपारचं गाढ झोपलेलं होतं आणि त्याची छाती संथ वर-खाली होत होती. सुकेशनीनं मोबाइलवर वेळ मोजली, तक्ता केला, सरासरी काढली आणि दिव्याला तसाच श्वास दिला. 'मी झोपले आहे, ड्रम भरलात की उठेन.' स्वतःच्या या कल्पनेवर ती इतकी खूश झाली, की त्या दिवशी तिनं कारखान्यात पेढे वाटले. श्वास घेणारी वस्तू गावाच्या मधोमध लटकवली तर गाव तिचं काय करील, हा प्रश्न तिच्या तक्त्यात नव्हता.

ड्रम संपला की पेटी दर अकरा मिनिटांनी संदेशही पाठवायची. पण तो जायचा ग्रामसेवकांच्या मोबाइलवर, आणि ग्रामसेवकांची बदली झाली होती. ते तिकडं दुसऱ्या तालुक्यात रोज शंभरावर संदेश पुसत बसले असतील. जांभुळगव्हाणात पेटी झोपली आणि चारच दिवसांत माऊली महाराज उगवले. वाढलेली दाढी, कपाळभर कुंकू, हातात मोरपिसांचा कुंचा. "जागृत हाय! आईचा श्वास चालू हाय!" ते पंपाच्या खोलीत साष्टांग पडले. उठले तेव्हा खोलीचं मंदिर झालं होतं.

इथवर फजितीच होती. पण अंगणवाडीतल्या नऊ लेकरांना जुलाब लागले. सरपंच दिनकररावांची चार वर्षांची नात निकिता परभणीच्या दवाखान्यात तीन दिवसांपासून सलाइनवर होती. धम्मशीलामावशी गावची आशाताई. नळाचं पाणी नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकायचे, क्लोरीन असलं की पाणी पिवळं होतं, हे तिचं रोजचं काम. दीड महिना पाणी पिवळं झालं नव्हतं. तिनं घरोघर सांगितलं, पाणी उकळून प्या. महाराजांनी सांगितलं, ते पाणी नव्हे तीर्थ हाय, तीर्थ कुणी उकळतं का?

शेवटी मावशीनं हरिओमला क्लोरीनचा कॅन आणायला लावला होता. त्यानं अर्धा कॅन ओतला आणि दिव्याचा श्वास बंद पडला. बायांनी हंबरडा फोडला. "औषधानं आई घुसमटली!" महाराज गरजले. ड्रम उलटा केला, रिकामा झाला, आणि आईनं पुन्हा श्वास घेतला. तेव्हापासून गावाला पुरावाच मिळाला होता. सुकेशनीला सगळ्यात जास्त बोचत होतं ते हेच. प्रयोग बरोबर होता. फक्त अर्थ उफराटा लावला होता.

आरती संपल्यावर ती थेट दिनकररावांकडे गेली. ते खोलीच्या पायरीवर बसले होते. दवाखान्यातून आलेले, डोळे लाल, हातात प्रसादाचा नारळ.

"मामा, ड्रम भरू द्या."

"पोरी, माझी नात तिकडं पडून हाय," दिनकरराव हळूच म्हणाले. "डॉक्टर म्हणतेत पाणी खराब. महाराज म्हणतेत देवी रुसली. आता देवीलाबी दुखवू का मी? कुणाचं ऐकू?"

"कुणाचंच ऐकू नका. पंधरा मिनिटं द्या आणि अंगणवाडीतला फळा द्या. स्वतःच बघा."

महाराज हसले. कुंचा हवेत फिरला. "या, या! शास्त्रज्ञ आल्या! आईचा श्वास मोजणार! बाई, लिंबाची पानं मोजलीस का आधी?"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "त्यांच्या वस्तीत देवी मानत न्हाईत. म्हून खुपायलंय हिला."

"टाकी तर एकच हाय ना भाऊ?" धम्मशीलामावशीनं मागं न बघताच उत्तर दिलं. "जुलाब बी दोन्हीकडं लागलेत. जंतूंनी वस्ती विचारली न्हाई."

फळा आला. पेटीवर एक बारीक निळा दिवाही होता. तो मधूनच एकदा चमकायचा. हा आईचा निळा डोळा. तो उघडला की महाराज झटकन गर्दीतल्या एकाकडे बोट दाखवत: "पापी!" मागच्या मंगळवारी बोट हरिओमकडे वळलं, आणि बिचाऱ्यानं घाबरून शेजाऱ्याची हरवलेली विळी आपल्याच घरात असल्याचं कबूल करून टाकलं होतं.

आरतीत तो ६ वाजून १ ला चमकलेला सुकेशनीनं टिपला होता. तिनं फळ्यावर लिहिलं: ६ वाजून १२. त्याखाली: ६ वाजून २३.

"या वेळेला निळा डोळा उघडेल. पापी समोर असो की नसो."

सहा-बाराला निळा दिवा चमकला. महाराजांनी सवयीनं बोट उगारलं, पण त्यांच्याकडे कुणी बघितलंच नाही. सगळे फळ्याकडे बघत होते. पुढच्या अकरा मिनिटांत महाराजांनी तीन अभंग म्हटले, दोन शाप दिले आणि एकदा पाणी मागितलं. सहा-तेवीस जवळ आले तशी माणसांनी खिशातले मोबाइल काढले. कुणी न सांगताच मोजणी सुरू झाली. "पाच, चार, तीन, दोन..."

निळा दिवा चमकला. पहिल्यांदाच त्या खोलीत कुणीतरी फिसकन हसलं.

"ती पेटी तेव्हा मोबाइलवर निरोप पाठवते," सुकेशनी म्हणाली. "ड्रम संपलाय, ड्रम संपलाय, एवढंच म्हणते बिचारी."

"म्हंजी मी उगाच कबूल केलं?" हरिओम म्हणाला.

"विळी दे तरीबी," मागून शेजारी ओरडला.

पण माऊली महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी कुंचा छातीशी धरला, डोळे मिटले आणि आवाज खाली आणला. "वेळ पाळती म्हून आई खोटी का? सूर्यबी वेळ पाळतो. मग काय सूर्यनारायण मशीन हाय? पण बाई, आमची आई सवालाला जवाब देती. हिरवा म्हंजी व्हय, लाल थयथयाट म्हंजी न्हाई. तुपला फळा देतो का जवाब?" ते पेटीजवळ गेले. कुंचा पेटीवरून फिरवत फिरवत खालच्या डाव्या कोपऱ्यापाशी नेला. "आई, ही पोरगी खरं बोलायली का गं?"

एक, दोन, तीन. लाल दिवा भराभर सहा वेळा फडफडला.

गर्दी एकदम मागं सरली. दिनकररावांच्या हातातला नारळ खाली पडला. सुकेशनी मात्र टक लावून कुंच्याच्या मुठीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर, परीक्षेत नेमका आपण केलेला प्रश्न आल्यावर येतं तसं हसू आलं.

समोर सत्तरीच्या कडूबाई बसल्या होत्या. लेकानं पुण्याहून पाठवलेला मोबाइल त्यांच्या मांडीवर. त्याला पाकिटासारखं झाकण असलेलं कव्हर, टचकन आपोआप मिटणारं.

"आजी, तुम्हाला देवीला काही विचारायचंय का?"

"लय विचारायचंय, माय. पण महाराज नंबरच लावू देईनात."

"आज नंबर लागला. या. आधी विचारा, मग मोबाइल त्या डाव्या कोपऱ्याला टेकवा आणि लगेच उचला."

कडूबाई उठल्या. पदर सावरला आणि सगळ्या गावासमोर खणखणीत आवाजात विचारलं, "आई, मपली सून मपलं ऐकंल का?"

मग मोबाइल टेकवला आणि लगेच उचलला. हिरवा दिवा दोनदा चमकला.

सुकेशनी पुढं बोलणार होती. तेवढ्यात मागून किंकाळी आली, "कडूबाईच्या अंगात आली!" आणि बाया धडाधड म्हातारीच्या पाया पडायला लागल्या. एकीनं तर हातातला हार महाराजांना घालायचा तो कडूबाईच्या गळ्यात घातला. महाराज गोंधळले. कडूबाई गोंधळल्या नाहीत. त्यांनी सुनेकडे वळून फक्त एवढंच म्हटलं, "ऐकलंस ना?"

सुकेशनीनं कपाळावर हात मारला. तिनं एक देवी उतरवायला घेतली होती, आणि आता दोन झाल्या होत्या.

"अहो, थांबा! आजीच्या अंगात काही आलं नाही. आजीच्या मोबाइलच्या कव्हरमध्ये चुंबक आहे!" ती फळ्यापुढं उभी राहून ओरडली. "पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून या पेटीला बाहेरून बटण ठेवलेलं नाही. आत चुंबकानं दाबलं जाणारं बटण आहे, पेटी तपासायला. चुंबक लावून लगेच काढला तर हिरवा. तीन सेकंद धरला तर लाल. प्रश्न काहीही विचारा! असं कव्हर ज्याच्याकडे असेल त्यानं या!"

आता मात्र झुंबड उडाली. अशी झाकणाची कव्हरं गावात डझनभर निघाली. हरिओमनं विचारलं, यंदा लग्न जमंल का? हिरवा. कुणी विचारलं, आज वार रविवार हाय का? हिरवा. होता गुरुवार. कडूबाईच्या सुनेनं नवऱ्याचा मोबाइल घेतला, कोपऱ्याला घट्ट दाबून धरला आणि विचारलं, "सासूबाईंचं मी ऐकंल का?" लाल थयथयाट. सगळी खोली हसून लोटपोट झाली, आणि चार-पाच जण एकदमच आपापले मोबाइल पेटीवर आपटायला लागले.

"अरे, एकदम नका लावू रे!" माऊली महाराज कळवळून ओरडले. "आतलं बटण चिकटून बसतंय! खाली डावीकडं, एकेकानं, हळू..."

आणि ते थांबले. पण उशीर झाला होता. हसणं हळूहळू ओसरलं. दोनशे माणसं महाराजांकडे बघायला लागली.

"महाराज," दिनकरराव उठले. "बटण चिकटतं, ते तर पोरीनं सांगितलंच न्हाई. तुमाला कसं ठावं?"

"आईनं दृष्टांत..."

धम्मशीलामावशीनं पुढं होऊन त्यांच्या हातातला कुंचा काढून घेतला. भांडणासाठी नव्हे, नुसता बघायला. पण तिच्या बांगड्यांत, गावातल्या सगळ्या बायांच्या असतात तशा, पाच-सहा सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या. त्या टणाटण उड्या मारून कुंच्याच्या मुठीला चिकटल्या. मावशीनं हात ओढला तर बांगडीसकट कुंचा मागं आला. मुठीवरचा लाल दोरा सुटला आणि आतून पिवळ्या प्लास्टिकमधला गोल चुंबक बाहेर डोकावला. सुकेशनीच्या कारखान्यातून प्रत्येक पेटीबरोबर असा एक जात असे.

हरिओम महाराजांच्या अगदी तोंडाजवळ गेला. दाढीखालचा चेहरा त्यानं नीट न्याहाळला. "आरं, हा तर सटवाजी! पेटी बसवायला ठेकेदाराच्या माणसांत आल्ता तवा ड्रिल धरून हुता की हा! माझ्याकडं चहा पिला हुता!"

सटवाजीनं मान खाली घातली. "मीबी पहिल्यांदा गमतीनंच केलं हो," तो पुटपुटला. "लोक पाया पडाया लागले. मग थांबता येईना."

"निकिता तीन दिवस सलाइनवर हाय," दिनकरराव एवढंच म्हणाले.

पण गर्दीतल्या कुणाचंच लक्ष अजून लाल दिव्यावरून हटलं नव्हतं. कडूबाईंनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "जवाब खोटा, ते कळलं, माय. निळा डोळाबी कळला. पण ह्यो श्वास? ह्यो तर कुंचा न लावताबी चालू हाय. ह्यो कुणाचा?"

सुकेशनीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चुंबकाचं सांगणं सोपं होतं. हे सांगणं अवघड होतं.

"ही माझी चूक आहे, आजी. ड्रम रिकामा झाला की पेटी झोपलीय असं वाटावं, म्हणून मी दिव्याला झोपलेल्या माणसाचा श्वास दिला. मला वाटलं, छान दिसेल. 'ड्रम रिकामा' एवढं वर मराठीत लिहायचं मात्र सुचलं नाही. ते लिहिलं असतं तर आज ही लेकरं आजारी पडली नसती."

"पण झोपल्यालं माणूस कोण?"

सुकेशनीनं मावशीकडे बघितलं. "रविवारी दुपारी मावशीकडे गेले होते. ती जेवून झोपली होती. तिच्याच श्वासाची वेळ मी मोजली."

सगळ्या माना मावशीकडे वळल्या.

"म्हंजी," कडूबाई बोटं मोजत म्हणाल्या, "दीड महिना मी धम्मशीलाबाईच्या झोपंला अगरबत्ती लावायले?"

"आन् मी नवस बोलायलो," हरिओम म्हणाला.

"आगं कार्टे!" मावशी भाचीवर डाफरली. मग जरा थांबून तिनं हळूच विचारलं, "मी घोरत न्हवते ना पण?"

मघाशी वस्तीवरून टोमणा मारणारा माणूस आपल्या चपला शोधत होता. त्या त्याच्या पायातच होत्या. हसण्याचा पूर ओसरेपर्यंत दिनकररावांनी वाट बघितली. मग त्यांनी कोपऱ्यातला क्लोरीनचा कॅन स्वतः उचलला.

"सरपंच, श्वास बंद पडंल," कुणीतरी चाचरत म्हणालं. हसणाऱ्यांपैकीच कुणीतरी.

दिनकररावांनी कॅनचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. सुकेशनीला ते दिसलं. सगळं कळल्यावरही भीती लगेच जात नाही. "मामा, अर्धा कॅन पडला की लाल दिवा थांबेल," ती शांतपणे म्हणाली. "मग हिरवा लागेल, दर दहा सेकंदांनी एकदा. तसं झालं नाही तर माझं काहीच खरं मानू नका."

ते ओतू लागले. पाव कॅन. घेतला, सोडला. आता कुणी ओरडत नव्हतं. अर्धा कॅन झाला आणि लाल दिवा मावळला तो उजळलाच नाही. दोन-तीन बायांनी हात जोडले. दिनकररावांनी ओतणं थांबवलं नाही. दहा सेकंदांनी हिरवा दिवा एकदा टिचकला. पुन्हा दहा सेकंदांनी पुन्हा.

हरिओमनं पंप चालू केला. अर्ध्या तासानं कोपऱ्यावरच्या नळाचं पाणी मावशीनं काचेच्या नळीत घेतलं, थेंब टाकले आणि नळी बल्बपुढं धरली. पाणी फिकट पिवळं झालं. दीड महिन्यानं. नळी हातोहात फिरली. दिनकररावांनी ती सगळ्यात जास्त वेळ हातात धरली.

"मी सांगितलं म्हणून मानू नका," निघताना सुकेशनी पायरीवरून म्हणाली. "मी चुकते, ते आज बघितलंत. उद्या दुसरं काही लुकलुकेल, बोलेल, घुमेल. तेव्हा ते कशासाठी आहे, कशानं चालतं, ते विचारा. वेळ लावून बघा, करून बघा. आणि जो म्हणेल, विचारू नका, त्याच्या हातात काय आहे ते आधी बघा."

चौथ्या दिवशी निकिता घरी आली. भगवा रंग खरवडायचं काम सटवाजीकडे आलं. देखरेखीला हरिओम होता, फुकट पाजलेल्या चहाची वसुली करायला. जुन्या ग्रामसेवकांच्या जागी मावशीचा नंबर गेला. सुकेशनीनं कारखान्यातल्या सगळ्या पेट्यांचा श्वास काढून टाकला आणि साधा, कुरूप, ठणठणीत लाल दिवा ठेवला. मालकांनी फक्त पेढ्यांची आठवण काढली.

जांभुळगव्हाणच्या पेटीखाली आता हरिओमनं ऑइल पेंटनं लिहिलेली पाटी आहे: 'लाल दिवा लागला म्हणजे ड्रम रिकामा. नारळ आणू नये. क्लोरीन आणावे.'

आणि सुकेशनी रविवारी आली, की मावशी दुपारी दार आतून लावूनच झोपते.